दर वर्षी शाकारावं लागणारं गाव

भाताची कापणी उरकली की हाहवे गावात छपरांचं काम निघतं. पेंढा विणून लांबच लांब पट्ट्या करतात, त्यांच्या गुंडाळ्या खांद्यावर घेऊन माणसं शिडीने वर चढतात आणि वळचणीपासून आढ्याकडे एकेक थर पसरत नेतात. आढ्यावर दोन्ही बाजूंना उतरणारी जाड विणलेली पट्टी बसते. मग पेंढ्याच्याच दोरांचं जाळं टाकून सगळं छप्पर खाली आवळून बांधतात, वाऱ्याने उडू नये म्हणून. नवं छप्पर पिवळंधमक दिसतं. एक पावसाळा अंगावर घेतला की ते राखाडी पडतं, कुजायला लागतं, आणि पुढच्या कापणीनंतर माणसं पुन्हा शिडी लावतात.

मी पुण्यात जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या दुरुस्तीचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरमालकांचं म्हणणं एकच असतं: एकदाच काय ते पक्कं करून टाका, पुन्हा बघायला नको. चुन्याच्या जागी सिमेंट येतं, कौलांच्या जागी पत्रा येतो, तो या हट्टापायी. म्हणून ज्या गावात दर वर्षी पुन्हा बघावंच लागतं, ते गाव मला डोळ्यांनी पाहायचं होतं.

हाहवे दक्षिण कोरियातल्या उत्तर ग्योंगसांग प्रांतात, आन्दोंग शहराच्या पश्चिमेला आहे. सोलच्या छोंगन्यांगनी स्थानकातून वेगवान गाडीने आन्दोंगला यायला दोन तास लागतात, तिथून पुढे गावाची बस. गाड्या वेशीबाहेरच थांबवतात. तिकीट काढायचं आणि छोट्या बसने किंवा पायी आत जायचं. २०१० साली ग्योंगजूजवळच्या यांगदोंग गावासोबत हाहवेचं नाव जागतिक वारसा यादीत गेलं. कोरियात जुनं खेडं पाहायचं म्हटलं की बरेच प्रवासी सोलजवळच्या योंगिनचं लोकग्राम गाठतात. ते १९७४ मध्ये उभारलेलं आहे. ठिकठिकाणची घरं आणून तिथे मांडली, आणि संध्याकाळी तिथली माणसं कपडे बदलून आपापल्या घरी जातात. मुलांना दाखवायला ती जागा चांगली आहे. हाहवेत मात्र संध्याकाळी पाहुणे जातात आणि माणसं राहतात. दारावर घरधन्याच्या नावाची पाटी असते, टपालपेटी असते, परसात मिरच्या वाळत घातलेल्या असतात. फुंगसानच्या र्यू घराण्याची सहाशे वर्षांची वस्ती आहे ही, आणि आजही गावातली बहुतेक कुटुंबं र्यूच आहेत.

हे टिकलं ते आपोआप नाही. १९७० च्या दशकात कोरियन सरकारने ग्रामसुधारणेची मोठी मोहीम काढली. रस्ते झाले, वीज आली, गावं सुधारली यात वाद नाही. पण पेंढ्याचं छप्पर हे गरिबीचं लक्षण ठरलं आणि देशभरातली लाखो छपरं उतरवून त्यांच्या जागी सिमेंटचे पत्रे चढले. काही वर्षांत शाकारलेलं घर शोधावं लागावं अशी वेळ आली. १९८४ मध्ये हाहवे सगळं गावच संरक्षित वारसा म्हणून जाहीर झालं, म्हणून इथली छपरं राहिली. कायद्याने छप्पर काढायला बंदी घालता येते. ते शाकारायला हात मात्र कायद्यातून येत नाहीत. यंत्राने कापणी केली की पेंढ्याचा चुरा होतो, आणि शाकारणीला तर अख्खा, लांब पेंढा लागतो. तो जपून कापायचा, वाळवायचा, विणायचा. हे जाणणारी माणसं म्हातारी होत चालली आहेत, आणि मला विचाराल तर या गावाची सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे.

नाकदोंग नदी इथे पूर्वेकडून येते आणि गावाला तीन बाजूंनी वळसा घालून पुढे जाते. पलीकडच्या काठावर बुयोंगदे नावाचा ६४ मीटर उंचीचा कडा आहे. त्याच्या माथ्यावर उभं राहिलं की सगळा आराखडा एका नजरेत येतो: मधोमध काळ्या कौलांची मोठी घरं, त्यांच्याभोवती पेंढ्याची लहान घरं, मग शेतं, मग पाइनच्या झाडांची रांग, वाळू आणि पाणी. मधली घरं जमीनदार विद्वानांची, यांगबान म्हणवणाऱ्या वर्गाची. भोवतालची त्यांच्या कुळांची आणि नोकरांची. कोण कोणाच्या जिवावर जगत होतं ते छपरं पाहूनच समजतं.

घरांची तोंडं एका दिशेला नाहीत. कोरियात घर सहसा दक्षिणेकडे पाहतं, इथे मात्र जो तो नदीकडे पाहतो, आणि नदी सगळीकडे आहे. जमिनीचा कल मधोमध उंच आणि कडेला उतरता, तेव्हा पाणी निचरायला आणि वारा यायला हेच सोयीचं. गावकरी त्याचा अर्थ वेगळा लावतात. गाव म्हणजे पाण्यावर तरंगणारं कमळ, असं काही जण सांगतात. काही सांगतात, ही भरलेली होडी आहे. म्हणून गावात विहीर खणायची नाही, तळाला भोक पडेल. दगडी भिंती घालायच्या नाहीत, वजनाने बुडेल. खरोखरच कुंपणाच्या बहुतेक भिंती मातीच्या आहेत. फळ्यांच्या साच्यात माती आणि पेंढा भरून, धुमसून थरावर थर चढवलेले. मी एका भिंतीजवळ बराच वेळ रेंगाळले. थरांच्या आडव्या रेघा दिसत होत्या, मधूनमधून पेंढ्याची टोकं बाहेर आली होती, आणि माथ्यावर कौलांची छोटी पाखी होती, तिच्यामुळे पावसाचं पाणी भिंतीला न लागता पुढे पडत होतं. मातीच्या भिंतीला डोक्यावर टोपी आणि पायाखाली कोरडी जागा मिळाली की ती शंभर वर्षं उभी राहते. टोपीचं एक कौल सरकलं आणि तसंच राहिलं, की दोन पावसाळ्यांत कंबर खचते. या भिंतीवरचं एक कौल नवं, इतरांहून गडद होतं. म्हणजे कोणाचं तरी लक्ष होतं.

गावाच्या मधोमध सहाशे वर्षांचं म्हणून सांगितलं जाणारं झेलकोवाचं प्रचंड झाड आहे. त्याच्याभोवती दोऱ्यांना पांढऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या बांधलेल्या असतात. मुलाला परीक्षेत यश मिळो, आईची तब्येत सुधारो, असं येणारे-जाणारे लिहून ठेवतात. तिथे पोचायची गल्ली इतकी अरुंद, की समोरून कोणी आलं तर अंग चोरावं लागतं.

दोन घरं पाहायलाच हवीत. यांगजिनदांग हे थोरल्या पातीचं घर आणि चुंगह्योदांग धाकट्या पातीचं. धाकटी पाती म्हणजे र्यू सोंग-र्योंग (१५४२ ते १६०७) यांची. १५९२ मध्ये जपानच्या फौजा कोरियात घुसल्या आणि सात वर्षं देश पोळून निघाला, त्या काळात हे राजाचे प्रमुख मंत्री होते. कोरियाचा सर्वांत लाडका सेनानी यी सुन-शिन याची शिफारस करून त्याला आरमाराची जबाबदारी मिळवून दिली ती यांनीच. लढाई संपता संपता दरबारातल्या गटबाजीत त्यांचं पद गेलं. ते गावी परतले आणि त्यांनी ‘जिंगबिरोक’ लिहिलं. युद्धाची हकिगत म्हणून ते वाचलं जातं, पण त्याचा गाभा वेगळा आहे: राज्यकर्ते कुठे गाफील राहिले, तयारी कशी कमी पडली, हे ज्याच्या हातात कारभार होता त्यानेच मांडून ठेवलं आहे. त्या हस्तलिखिताला राष्ट्रीय संपत्तीचा दर्जा आहे. एवढ्या मोठ्या पदावर राहिलेला हा माणूस अखेरच्या दिवसांत साध्या शाकारलेल्या घरात राहिला. आज दिसणारं चुंगह्योदांग त्यांच्यामागे, नातवाच्या काळात उभं राहिलं.

चुंगह्योदांगची आतली रचना चौसोपी वाड्यात वावरलेल्या माणसाला लगेच ओळखीची वाटेल. मधे चौक, चारी बाजूंनी खण, पुढचा भाग पुरुषांचा आणि पाहुण्यांचा, आतला बायकांचा, आणि आतलं बाहेरून दिसू नये अशी वळणं. बसायची ओसरी लाकडी पाटांची, जमिनीपासून उचललेली, खालून वारा खेळणारी. तिथे पादत्राणं काढूनच चढतात. १९९९ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडची राणी एलिझाबेथ आपल्या त्र्याहत्तराव्या वाढदिवशी या गावात आली होती. तिनेही बूट काढले, आणि त्या क्षणाचं छायाचित्र कोरियाभर गाजलं. तिने अंगणात लावलेलं झाड आता चांगलं वाढलं आहे.

या घरांतलं कठीण काम सहसा पाहुण्याला दिसत नाही. कोरियन घरात पूर्वजांच्या नावाच्या पाट्या साधारण चार पिढ्यांपर्यंत पूजेत ठेवतात, मग त्या पुरतात. र्यू सोंग-र्योंग यांच्यासारख्यांची पाटी मात्र कधीच पुरायची नाही, त्यांचं श्राद्ध दर वर्षी, पिढ्यान्‌पिढ्या. ते त्यांच्या घराच्या थोरल्या मुलाने करायचं आणि त्याचा सगळा स्वयंपाक, मांडणी, पाहुणचार थोरल्या सुनेने सांभाळायचा. चारशे वर्षांत या घरात किती सुना आल्या असतील आणि त्यांतल्या किती जणींची नावं कोणाला माहीत असतील, हा विचार त्या ओसरीवर बसल्यावर माझ्या मनातून जाईना. घराण्याचा अभिमान वंशावळीत पुरुषांच्या नावाने लिहिला जातो. तो रांधला बायकांनी.

उत्तरेकडच्या आळीत एक मोठं घर आहे, १८६२ मध्ये बांधलेलं. त्याची गोष्ट गावात सांगतात. मालकाने घरासाठी उत्तम पाइनचं लाकूड आणून तीन वर्षं वाळवलं होतं. १८५९ च्या पावसाळ्यात रात्री नदीला पूर आला आणि पलीकडून परतणाऱ्या माणसांची होडी उलटली. मालकाने वासे आणि खांब पाण्यात टाकायला लावले, धरून तरंगता यावं म्हणून, आणि उरलेलं लाकूड काठावर पेटवून उजेड केला. माणसं वाचली. मग त्याने पुन्हा लाकूड जमवलं, पुन्हा वाळवलं आणि घर बांधलं. वाळलेल्या लाकडाची किंमत मला रोजच्या कामातून ठाऊक आहे. तीन वर्षांचं वाळवण एका रात्रीत देणारा माणूस मला त्या घराच्या नक्षीपेक्षा मोठा वाटतो.

रात्री गावात राहायची सोय होते, आणि ती जरूर घ्यावी. कोरियन घराची खरी करामत डोळ्यांना दिसत नाही, ती पाठीला कळते. स्वयंपाकघराच्या किंवा बाहेरच्या चुलीत लाकूड पेटवतात. धूर आणि झळ खोलीच्या जमिनीखालच्या दगडी वाटांमधून फिरून पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडतात. वाटांवर सपाट दगड, दगडांवर माती, मातीवर तेल पाजलेला जाड कागद. जमीन तापते आणि रात्रभर हळूहळू ऊब सोडत राहते. आता बहुतेक घरांत जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या आहेत, पण आमच्या खोलीला लाकडाची चूल होती. चुलीकडच्या बाजूचा कागद पिढ्यान्‌पिढ्यांच्या झळीने चहासारखा तपकिरी झालेला, दुसऱ्या टोकाचा अजून पिवळट. घरच्या आजींनी माझं अंथरूण हाताने ओढून तपकिरी बाजूला घातलं. ती जागा वडीलधाऱ्यांची किंवा पाहुण्यांची. बाहेर शून्याखाली थंडी होती आणि मला पहाटे पांघरूण बाजूला सारावं लागलं.

गावाबाहेर हाहवे ज्याच्यासाठी ओळखलं जातं ते म्हणजे मुखवटे. ते गोऱ्यो राजवटीच्या काळातले, आल्डरच्या लाकडात कोरलेले आहेत, आणि कोरियात इतके जुने मुखवटे दुसरे नाहीत. घडवणाऱ्याची दंतकथा अशी: हो नावाच्या तरुणाला देवाने स्वप्नात सांगितलं, मुखवटे पुरे होईपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडू नकोस. त्याने स्वतःला कोंडून घेतलं. त्याच्यावर जीव असलेल्या मुलीला राहवलं नाही, तिने दाराच्या कागदाला भोक पाडून आत पाहिलं, आणि तो रक्त ओकून जागीच गेला. शेवटचा मुखवटा अर्धवट राहिला. म्हणून इमे नावाच्या खुळ्या नोकराच्या मुखवट्याला आजही हनुवटी नाही. त्याच्या हसऱ्या, ओघळलेल्या डोळ्यांच्या चेहऱ्याखाली नटाची स्वतःची जिवंत हनुवटी हलते, आणि मला तो सगळ्या संचातला सर्वांत माणूसपणाचा चेहरा वाटतो.

यांगबानच्या मुखवट्याची कारागिरी जवळून पाहण्यासारखी आहे. जबडा वेगळा कोरून दोरीने जोडला आहे. नटाने मान मागे टाकली की जबडा खाली सुटतो आणि चेहरा खदखदून हसतो. मान खाली घातली की ओठ मिटतात, भुवयांची सावली डोळ्यांवर उतरते आणि तोच चेहरा रागावलेला दिसतो. लाकूड तेच, रंग तोच, फक्त मानेचा कोन बदलला. कोरणाऱ्याने भाव लाकडात अर्धाच ठेवला आणि उरलेला नटाच्या मानेवर सोपवला.

हा खेळ गावच्या देवीच्या उत्सवाचा भाग होता. तो दर वर्षी होत नसे. काही वर्षांच्या अंतराने, नव्या वर्षाच्या पहिल्या पंधरवड्यात, देवीचा कौल घेऊन होई. खेळणारे कुळं आणि नोकर, आणि खेळ व्हायचा यांगबानच्याच अंगणात, त्याच्याच खर्चाने. आणि त्यात असायचं काय? खाटीक बैल मारतो आणि त्याचे अंडकोष विकायला काढतो. ते खाल्ल्याने पौरुष वाढतं म्हटल्याबरोबर यांगबान आणि पंडित, इतका वेळ आपल्या विद्वत्तेची फुशारकी मारणारे, ते ओढायला लागतात. एक म्हातारी येऊन दोघांची खरडपट्टी काढते. भिक्षू एका तरुणीला घेऊन पळतो. दुसऱ्या प्रसंगात हीच म्हातारी मागावर बसून आपल्या वैधव्याची आणि उपासमारीची कहाणी सांगते, आणि हसणारे प्रेक्षक गप्प होतात. ज्याच्या जमिनीवर राबायचं त्याच्याच अंगणात त्याचंच सोंग काढायचं, आणि तो समोर बसून पाहतो. अभ्यासक म्हणतात की यामुळे मनातली वाफ बाहेर जाई आणि व्यवस्था टिकून राही. तसं असेलही. पण वर्षभर खाली मान घालणाऱ्या माणसाला त्या मुखवट्याखाली मान मागे टाकून हसता येत होतं, ही गोष्ट मला छोटी वाटत नाही.

१९२८ मध्ये गावात शेवटचा पारंपरिक खेळ झाला आणि जपानी राजवटीत तो बंद पडला. १९७० च्या दशकात आन्दोंगच्या तरुणांनी तो पुन्हा जुळवायला घेतला, तेव्हा १९२८ च्या खेळात नववधूचं सोंग घेतलेला एक वृद्ध कलाकार हयात होता. त्याच्या आठवणींवर चाली, ताल आणि संवाद पुन्हा उभे राहिले. एका माणसाच्या आयुष्याएवढाच तो धागा उरला होता. १९८० मध्ये खेळाला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला, आणि २०२२ मध्ये युनेस्कोने कोरियन मुखवटानृत्यांची जी परंपरा यादीत घेतली तिच्यात हाही आहे. जुने मुखवटे १९६४ मध्ये सोलच्या संग्रहालयात गेले होते, ते २०१७ च्या अखेरीस आन्दोंगला परत आले. खेळ पाहायचा तर गावाच्या वेशीजवळच्या नाट्यगृहात नियमित प्रयोग होतात, आणि शरद ऋतूत आन्दोंगला मुखवट्यांचा मोठा महोत्सव भरतो.

यांगबानची स्वतःची करमणूक वेगळी होती. उन्हाळ्यातल्या पौर्णिमेच्या आसपास ते नदीत होड्या सोडून कविता करत. त्यांच्या डोक्यावर बुयोंगदेच्या कड्यापासून अलीकडच्या पाइनच्या बनापर्यंत दोर ताणलेले, आणि दोरांना कोळशाच्या भुकटीच्या कागदी पुड्या ओळीने बांधलेल्या. त्या पेटवल्या की हळूहळू जळत जातात आणि ठिणग्यांचा संथ पाऊस पाण्यावर पडत राहतो. काठावरच्यांनी एकसुरात आरोळी दिली की कड्यावरून पेटलेला मोळा खाली सोडतात. हा सोहळा आता वर्षातून काही ठरावीक रात्री होतो. कोळसा कुटणं, पुड्या वळणं, दोर ओढून नेणं हे सगळं पूर्वीही खालच्यांनीच केलं आणि आज गावकरी मिळून करतात.

हाहवेहून डोंगराच्या कडेने तासाभराच्या पायवाटेवर ब्योंगसान सोवन आहे. सोवन म्हणजे खासगी विद्यालय आणि गुरूचं स्मारक दोन्ही. अशी नऊ विद्यालयं २०१९ मध्ये जागतिक वारसा ठरली, त्यांतली दोन आन्दोंगमध्ये आहेत. र्यू सोंग-र्योंग यांनी १५७२ मध्ये शाळा या एकांतात हलवली. एकोणिसाव्या शतकात राज्यकर्त्यांनी देशातली बहुतेक सोवन बंद केली, ४७ ठेवली, त्यांत हे वाचलं. समोर मान्देरू नावाची सात खण लांब आणि दोन खण रुंद, चारी बाजूंनी उघडी माडी आहे. भिंत नाही, दार नाही. खांबांच्या सात चौकटींतून नदी आणि समोरचा उभा डोंगर दिसतो. सहसा वर चढू देत नाहीत, पण मला खालीच जास्त काम होतं. खालचे खांब झाड जसं वाढलं तसेच वापरले आहेत, कुठे वाकडे, कुठे गाठाळ. खाली दगडही न घडवलेले, उंचसखल. अशा वेळी आपण दगड सपाट करू. इथे सुताराने दगडाची वेडीवाकडी रेघ खांबाच्या तळावर उमटवून घेतली आणि लाकूड त्या आकारात तासलं, असं की खांब दगडावर नेमका बसावा. खिळा नाही, गिलावा नाही. मी गुडघ्यांवर बसून सांध्यात नख घालून पाहिलं, गेलं नाही.

ईशान्येला दोसान सोवन आहे, कोरियाच्या हजार वॉनच्या नोटेवर ज्यांचं चित्र आहे त्या त्वेग्ये यी ह्वांग (१५०१ ते १५७०) यांच्या स्मरणार्थ उभारलेलं. त्यांना मेह्वाच्या, म्हणजे कोरियन प्लमच्या झाडांचं फार वेड. शेवटच्या दिवशी त्यांनी झाडाला पाणी घालायला सांगितल्याची नोंद आहे. त्यांचीच खोली पाहावी: एक माणूस, काही पुस्तकं आणि एक ओसरी यांच्यापुरतीच ती आहे. समोर जलाशयात दगडी टेकाडावर एक छोटी वास्तू दिसते. १७९२ मध्ये जोंगजो राजाने इथे खास परीक्षा घेतली, सात हजारांवर उमेदवार आले, त्याची ती खूण. १९७६ मध्ये आन्दोंगचं धरण झालं तेव्हा ती बुडू नये म्हणून जागच्या जागी उंच उचलली. धरणाने अनेक जुनी गावं मात्र बुडाली.

आन्दोंग शहरात १९९८ मध्ये एक कबर हलवताना १५८६ सालचं पत्र सापडलं. यी उंग-ते नावाचा तरुण तिशीत वारला, आणि त्याच्या गरोदर बायकोने ते त्याच्या छातीवर ठेवलं होतं. मला आणि मुलांना टाकून कसे गेलात, पोटातलं बाळ कोणाला बाबा म्हणेल, स्वप्नात येऊन बोला, असं तिने लिहिलं आहे. कागद संपला तेव्हा तिने समासात आडवं लिहिलं. सोबत वाखात स्वतःचे केस गुंफून विणलेल्या चपला होत्या, तो बरा होऊन घालील म्हणून. विद्वानांच्या या प्रदेशात लाकडी छापठशांचा प्रचंड संग्रह आहे, घराण्यांनी जपलेले ६४,२२६ ठसे. त्यांच्यावर अभ्यासकांनी आयुष्यं घालवली आहेत. पण तिचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. धरणाखाली २००३ मध्ये बांधलेला लांब लाकडी पादचारी पूल आता तिच्या त्या चपलांची आठवण म्हणून दाखवतात.

जेवणाचं थोडक्यात सांगते. श्राद्धाच्या स्वयंपाकात लाल मिरची नसते, म्हणून त्या धर्तीचं जेवण आन्दोंगमध्ये सोया सॉसमध्ये कालवून देतात; भाज्यांची चव त्यात वेगवेगळी लागते. समुद्र दूर असल्याने बांगडा वाटेतच मीठ लावून आणत, तो आता इथला खास पदार्थ झाला आहे, आणि कोकणातल्या माणसाला तो नक्की आवडेल.

२०२५ च्या मार्चमध्ये शेजारच्या उईसोंगमधून पेटलेला वणवा वाऱ्यासोबत आन्दोंगवर आला. उईसोंगमधलं गोउनसा हे प्राचीन बौद्ध मंदिर २५ मार्चला मोठ्या प्रमाणात जळालं. आग हाहवे आणि ब्योंगसानपासून काही किलोमीटरवर आली. अग्निशमन दल आणि गावकरी पेंढ्याच्या छपरांवर रात्रंदिवस पाणी मारत राहिले. बाहेर पडायचा आदेश असतानाही काही जण पाइप धरून थांबले. गाव वाचलं. दूरदर्शनवर ती दृश्यं पाहताना मला छपरं ओळखू येत होती.

आन्दोंग शहरातच इमचोंगगाक आहे, १५१९ मध्ये बांधलेलं नव्व्याण्णव खणांचं घर. जपानने १९१० मध्ये कोरिया गिळल्यावर या घराचे कर्ते यी सांग-र्योंग यांनी पूर्वजांच्या पाट्या जमिनीत पुरल्या, गुलाम नोकरांना मोकळं केलं आणि १९११ च्या कडाक्याच्या थंडीत कुटुंबासह मांचुरियाची वाट धरली. लढ्याला पैसा हवा म्हणून पुढे घरही विकलं. १९२५ मध्ये ते निर्वासित कोरियन सरकारचे प्रमुख झाले आणि १९३२ मध्ये परदेशातच वारले. जपान्यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला रेल्वेमार्ग नेमका या घराच्या आवारातून नेला. पन्नासेक खण पाडले गेले आणि उरलेल्या घरासमोरून पुढची जवळजवळ ऐंशी वर्षं गाड्या धडधडत गेल्या. २०२० च्या डिसेंबरमध्ये मार्ग दुसरीकडे वळवला, रूळ उखडले आणि पाडलेला भाग पुन्हा बांधायचं काम हाती घेतलं.

गेलेली इमारत पुन्हा उभारण्याला मी एरवी विरोध करते. नव्या लाकडाला जुनं म्हणवण्यात मला गोडी नाही. इथे मात्र माझं मत त्या लोकांच्या बाजूने आहे. १७६३ सालच्या चित्रसंग्रहात घराचं चित्र आहे, रेल्वेपूर्वीची छायाचित्रं आहेत, जोतं जमिनीत आहे, आणि अंदाजाने काही उभारायची गरज नाही. शिवाय जे पडलं ते काळाने पाडलेलं नव्हतं. नवे खांब पांढरे दिसतील, जुन्या काळपट खांबांशेजारी ते दिसायलाच हवेत, आणि ते रंगवून सारखे करू नयेत एवढंच मी तिथल्या सुतारांना सांगितलं असतं.